ती बाही कोणी लावली?

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहून गेले की रात्री भांडी आवरली की मी टीव्हीवर अमेरिकेतल्या डिझायनर लोकांची भांडणं बघत बसते, झालं, या महिन्यात निम्मी पत्रं त्या भांडणांवरच आलीत. बरं वाटलं, म्हणजे मी एकटीच नाहीये. साडीवरच्या डागांचे प्रश्न पुढच्या महिन्यात घेते, तोवर त्या साडीला काही चोळू नका प्लीज.

प्रश्न : ताई, तुमचं वाचून प्रोजेक्ट रनवेचा अकरावा सीझन लावला, तो टीमवाला. नवऱ्यालाही ओढून बसवलं. पण मला नुसता राग येतोय. चुकतं एकाचं आणि अख्खी टीम खाली मान घालून उभी. वर्गात एकाने खडू फेकला म्हणून सगळ्यांना अंगठे धरायला लावायचे तसं. डिझायनरच्या स्पर्धेत टीम हवीच कशाला?
रागावलेली, पुणे

उत्तर : राग येणारच, मलाही आला होता. ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. प्रोजेक्ट रनवे हा 2004 साली सुरू झालेला अमेरिकन शो, तेव्हा हायडी क्लूम सूत्रधार, टिम गन म्हणजे वर्करूममध्ये फिरणारे सुटाबुटातले मास्तर, दर भागात एक काम मिळतं, कपडा करायचा, रॅम्पवर चालवायचा, ज्याचा पडला तो घरी. दहा सीझन प्रत्येकाचं आपलं आपलं चाललं होतं, मधेच एखादं काम टीमचं यायचं आणि त्या भागात रडारड ठरलेली. 2013 च्या जानेवारीत आलेल्या अकराव्या सीझनमध्ये मात्र त्यांनी पहिल्या दिवसापासून 16 जणांच्या दोन टीम केल्या, एक ड्रीम टीम आणि दुसरी कीपिंग इट रिअल. जिंकलेली टीम सगळी सुरक्षित, हरलेल्यांमधला एक घरी. म्हणजे जिंकणाऱ्यांत राहून तुम्ही पोतेरं जरी पाठवलं तरी निवांत झोपा आणि हरणाऱ्यांत राहून चांगलं काम केलं तरी उभे राहा. ड्रीम टीमला बहुतेक नावच नडलं, सुरुवातीलाच ओळीने हरत गेले बिचारे.

पण टीम कशाला हवी म्हणाल तर माझं मत उलटं आहे. कपडा एकट्याने होतच नाही हो. माझ्या वर्कशॉपमधून एक साधा अनारकली बाहेर पडतो तोवर त्याला कटिंग मास्टर, मशीनवरचे दोघं, काज-बटणवाला, हातशिलाईच्या मावशी, इस्त्रीवाला एवढ्यांचे हात लागलेले असतात आणि लेबल माझं. आमच्याकडे कोण काय करतो ते ठरलेलं आहे म्हणून गाडी चालते. त्या शोमध्ये गोची अशी की आठच्या आठ जण नवरदेव, वऱ्हाडी कोणीच नाही. कॉलर मीच कापणार, प्रिंट मीच निवडणार, आणि मग एक जण बिचारा गप्प बसून सगळ्यांच्या झिपा लावत बसतो आणि त्याचं नाव कुठेच येत नाही.

तुम्ही एक करा, कपडे बघायचं सोडा आणि जज प्रश्न विचारतात तेव्हा त्यांच्या माना बघा. नीना गार्सिया किंवा झॅक पोझेन (हा त्याच सीझनला मायकल कोर्सच्या जागी आला) विचारणार, ही बाही कोणी केली? कपडा आवडलेला असेल तर तीन जण एकदम बोलतात. आवडलेला नसेल तर सगळे आपापल्या बुटांकडे. माझ्या मते हा अख्खा सीझन त्या दोन सेकंदांसाठी बघायचा.

आता शेवट माहीत नसेल तर हा परिच्छेद सोडून खाली जा. जिंकली कोण, तर सतत हरणाऱ्या ड्रीम टीममधली मिशेल लेस्नियाक, ओरेगॉनमधल्या पोर्टलंडची. शेवटच्या तिघांतले बाकीचे दोघं, पट्रिशिया मायकल्स आणि स्टॅनली हडसन, जिंकणाऱ्या टीममधले. आणि मिशेलने शेवटचं कलेक्शन कशावर केलं माहितीये? कळपातून सुटलेल्या एकट्या लांडग्यावर! टीमच्या सीझनला! मी सोफ्यावर एकटीच हसले, घरचे उठून बघायला आले काय झालं म्हणून. माझं मन मात्र पट्रिशियाकडे होतं. ती न्यू मेक्सिकोमधल्या टाओस प्वेब्लो या मूळ रहिवाशांच्या वस्तीतली, स्वतः कापड रंगवणारी, कापडावर हाताने चितारणारी. टीममध्ये तिच्याबद्दल फार कुरकुर चालायची, आणि मला त्या कुरकुरणाऱ्यांचंही पटायचं, कारण रंग वाळायला जो वेळ लागतो तो लागतोच, टीमचं घड्याळ त्याच्यासाठी थांबत नाही.

प्रश्न : मी 19 वर्षं शिवणक्लास घेते. अस्तराचा कटोरी ब्लाऊज नीट करायचा तर माझा दिवस जातो. हे लोक एका दिवसात गाऊन कसे शिवतात? मागे कोणी कारागीर बसवलेले असतात का? खरं सांगा.
शिवणबाई, सातारा

उत्तर : नाही हो, स्वतःच शिवतात, तेवढं खरं आहे. आधी न्यूयॉर्कच्या 37 व्या स्ट्रीटवर मूड नावाचं कापडाचं दुकान आहे तिथे सोडतात, मोजके पैसे आणि अर्धा तास वगैरे वेळ देऊन, मग ही मोठी मोठी माणसं ताग्यांमधून पळत असतात. त्या दुकानात स्वॉच नावाचा कुत्रा होता, तो पाय पसरून बघत बसायचा, मला तर त्या सगळ्यांत शहाणा तोच वाटायचा. मग वर्करूम, मशीन, डमी आणि घड्याळ.

पण तुमच्या ब्लाऊजशी तुलना करू नका, ते वेगळंच गणित आहे. तुमचा ब्लाऊज दहा वर्षं टिकला पाहिजे, लग्नात पंगतीला बसून जेवता आलं पाहिजे, बाळंतपणानंतर उसवून सैल करायला आत दीड इंच माया ठेवलेली पाहिजे. रॅम्पवरच्या कपड्याला एकदा जायचं आणि परत यायचं. त्यात बसायचं नाही, हात वर करायचा नाही, धुवायचा तर प्रश्नच नाही. त्यामुळे काय उडवतात ते बघा. अस्तर उडतं. आतली ओव्हरलॉक उडते. खालची पट्टी हाताने घालायच्या ऐवजी टेपने नाहीतर गोंदाने चिकटवतात. चेन बसत नसेल तर मॉडेलला आत घालून मागून सरळ टाके.

हसू नका, हे मीही केलंय. नाटकाच्या कपड्यांचं काम करायचे तेव्हा तिसरी घंटा व्हायला चार मिनिटं आणि नायिकेच्या चोळीचे हूक तुटले, दोन नाही, सगळी पट्टीच उसवली. मी विंगेत गुडघ्यावर बसून दुहेरी दोऱ्याने तिला पाठीमागून शिवून टाकलं, ती बाई श्वास रोखून उभी आणि मी म्हणतेय हलू नका हलू नका. अंक संपल्यावर ब्लेडने उसवून बाहेर काढली. प्रेक्षकांना काही कळलं नाही. पण त्या शोमधले जज कपडा जवळून बघतात, बाही उलटी करून बघतात, तिथे हे सापडतं.

आणि मापाच्या टेपवरून काय झालंय ते तुम्हाला आवडेल. पॅटर्नची, म्हणजे कटिंगच्या नमुन्यांची, पुस्तकं नियम मोडून जवळ ठेवली म्हणून तिसऱ्या सीझनला कीथ मायकलला काढलं होतं. 2017 च्या सोळाव्या सीझनला तर क्लेअर आणि शॉन अशा दोन जुळ्या बहिणी होत्या, स्पर्धा एकेकट्याची पण या दोघी म्हणजे तयार टीमच, एकमेकींना विचारून विचारून चालायच्या आणि बाकीच्यांचा तिळपापड. शेवटी दोघी तळाला आल्या तेव्हा शॉनने बहिणीसाठी माघार घेतली. आणि पुढे ती क्लेअरच बाद झाली, कारण नियम मोडून राहायच्या जागी टेप ठेवून ती स्वतःचे कपडे मोजायची. टेपपायी! आपल्याकडे गळ्यात टेप नसेल तर मास्टर कामावर आलाय असं कोणी मानत नाही.

प्रश्न : हे सगळं आधी ठरवून असतं असं माझा मुलगा म्हणतो. खरंय का?
आई, इचलकरंजी

उत्तर : अर्धं खरं. भांडणं लिहून देत नसावेत, पण बारा तास जागलेल्या माणसांना एका टेबलाला दोघं असं बसवलं तर लिहून द्यायची गरजच काय. शेवटी पाट्या पळतात ना त्या थांबवून वाचा, जजेस निर्णय घेताना निर्मात्यांशी सल्लामसलत करतात हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. आणखी एक गंमत मुलाला सांगा. बरीच वर्षं शेवटचं कलेक्शन न्यूयॉर्क फॅशन वीकला दाखवायचे, पण तेव्हा टीव्हीवर सीझन अजून चालूच असायचा. फायनलला कोण गेलं हे फुटू नये म्हणून बाद झालेल्यांनाही तिथे कलेक्शन दाखवायला लावायचे. म्हणजे आपण हरलोय हे माहीत असताना महिनाभर राबून दहा-बारा कपडे करायचे आणि हसत रॅम्पवर यायचं. ठरवून म्हणायचं तर हे ठरवून.

प्रश्न : यात कधी कोणी आपला मराठी माणूस गेलाय का हो?
उत्सुक, डोंबिवली

उत्तर : गेलाय की! सायशा शिंदे, मुंबईच्या. 2015 चा चौदावा सीझन, तेव्हा त्या स्वप्निल शिंदे या नावाने उतरल्या होत्या, जुने भाग शोधाल तर त्या नावाने सापडतील. 2021 च्या जानेवारीत त्यांनी आपण ट्रान्स स्त्री आहोत हे जाहीर सांगितलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हरनाझ संधू मिस युनिव्हर्स झाली तेव्हा तिच्या अंगावर जो चमचमता गाऊन होता तो सायशांचा. त्या सीझनला त्या जिंकल्या नाहीत, जिंकली अॅशली नेल टिप्टन, जाड बायकांसाठीच्या कपड्यांचं कलेक्शन घेऊन जिंकणारी पहिलीच. ते कलेक्शन आवर्जून बघा. आमच्या दुकानात रोज चार जणी येऊन आधी सॉरी म्हणतात, मग माप देतात. सॉरी कशाबद्दल ते मला आजवर कळलेलं नाही.

प्रश्न : ताई मी फॅशन डिझाईनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचं चौघींचं ग्रुप सबमिशन होतं. दोघींनी काही म्हणजे काही केलं नाही, एकीने मूड बोर्ड (कल्पनेची चित्रं, कापडाचे तुकडे लावलेला तक्ता) चिकटवला, पॅटर्नपासून फिनिशिंगपर्यंत सगळं मी केलं, तीन रात्री झोपले नाही. ज्युरीसमोर त्या दोघीच जास्त बोलल्या आणि मार्क चौघींना सारखे. पुढच्या महिन्यात परत त्याच ग्रुपमध्ये काम आहे. ज्युरीसमोर खरं सांगून टाकू का? चुगलखोर दिसेन का?
वैतागलेली, नागपूर

उत्तर : अगं बाळा, आधी झोप.

मग आठव्या सीझनचा पाचवा भाग बघ, 2010 चा. दोन टीम होत्या, त्यातल्या एका टीममध्ये ग्रेचेन जोन्स नावाची मुलगी आपोआप पुढारी झाली, नेमलं कोणीच नव्हतं. हरल्यावर जजेसनी विचारलं सगळ्यात कच्चा कोण, तर एकामागून एक सगळ्यांनी मायकल कॉस्टेलोकडे बोट दाखवलं, आधीच ठरल्यासारखं. जजेसना ते पटलं नाही. नंतर वर्करूममध्ये टिम गन आले, एरवी इतका मऊ बोलणारा माणूस, त्यांनी बाकीच्यांना चांगलंच सुनावलं की तुम्ही तिला तुमच्यावर अशी दादागिरी का करू दिली. तिला नाही, गप्प बसणाऱ्यांना सुनावलं. (ग्रेचेनच पुढे तो सीझन जिंकली आणि मोंडो गेरा हरला, त्यावरून लोक अजून भांडतात, मीही.)

तुझ्यासारखं माझंही झालंय. एका मोठ्या युनिटमध्ये असिस्टंट होते, नावं सांगत नाही. लग्नाच्या सीनसाठी 22 नऊवारी शिवायच्या होत्या, शिवलेल्या नऊवारी, पटकन चढवता येतील अशा. पहिल्या ट्रायलला बायकांना पाऊल टाकता येईना, काष्ट्याकडे ताण यायचा. मी आणि मास्टरने रात्री बसून आसनाचा भाग उरेबमध्ये, म्हणजे तिरपा, कापून बघितला, कापड थोडं ताणलं गेलं आणि प्रश्न सुटला. सकाळी वरच्या बाईंनी डायरेक्टरला दाखवताना सांगितलं, मी असं कटिंग काढलंय. मी शेजारीच उभी होते, हातात टाचण्यांचा डबा. बोलले नाही. मास्टरही बोलला नाही, पण त्याने माझ्याकडे जे बघितलं ना ते मला आजही आठवतं, कारण त्याचं नाव तरी मी घ्यायला हवं होतं.

तर ज्युरीसमोर रडगाणं नको, कोणी काय केलं नाही हे सांगूच नकोस. पहिल्याच दिवशी मोठ्या कागदावर कामं लिहा, कटिंग कोण, शिलाई कोण, काज-बटण कोण, पुढे तारीख, आणि तो कागद सबमिशनच्या फाईलमध्ये मूड बोर्डच्या मागे लावा. ज्युरीसमोर उभी राहशील तेव्हा फक्त आपलं सांग, पॅटर्न मी काढला, मुंढा दोनदा चुकला, तिसऱ्यांदा असा सुधारला. ज्याने केलंय त्यालाच चुकलेलं सांगता येतं गं, न केलेल्याकडे फक्त कौतुक असतं, आणि ज्युरीतल्या बाई काही काल जन्मलेल्या नाहीत. आणि त्या मूड बोर्डवालीचं नाव तूच घे. तिने चिकटवला ना, तेवढं तर केलं.

प्रश्न : जिंकणाऱ्याला पैसे खरंच देतात का?
हिशेबी, कोल्हापूर

उत्तर : देतात, पण करार वाचायचा. पहिल्याच सीझनचा विजेता जे मॅककॅरोल, त्याने 1 लाख डॉलर चक्क नाकारले, कारण घेतले असते तर त्याच्या पुढच्या धंद्यात निर्मात्यांना 10 टक्के वाटा जाणार होता. तुमच्या कोल्हापूरचा माणूस असता तर हेच केलं असतं.

प्रश्न : आम्ही इथे न्यू जर्सीत मैत्रिणी मिळून बघतो, प्रोजेक्ट रनवे संपवत आणलं. टीम-जोडीवालं अजून काय आहे? आणि आम्हाला एका दिवसासाठी न्यूयॉर्कला ते दुकान बघायला जायचंय, आत सोडतात का?
पाच जणी, एडिसन

उत्तर : दुकान आहे ते, सोडणार नाहीत तर काय! फक्त अर्धा मीटर घ्यायला जाल आणि बॅग भरून याल. बघायला नेक्स्ट इन फॅशनचा पहिला सीझन घ्या, 2020 चा, नेटफ्लिक्सवर. 18 जण, दोघा-दोघांच्या जोड्या, टॅन फ्रान्स आणि अलेक्सा चंग सूत्रधार. आठ जणांच्या टीमपेक्षा जोडी मला जास्त आवडते, लपायला जागा नसते, लग्नासारखं. अर्ध्या वाटेवर जोड्या फोडून एकेकट्याला उभं करतात आणि मग कळतं कोण कोणाच्या खांद्यावर होतं. कोरियाची मिंजू किम जिंकली, अडीच लाख डॉलर. तिचे कपडे बघताना रिमोट खाली ठेवा. त्यातच रस्त्यावरच्या कपड्यांचा एक भाग आहे, त्यात पाहुणा जज कर्बी जीन-रेमंड अडून बसला, तळाला आलेल्या या दोघींना काढायला माझा नकार, आणि खरंच कोणीच बाहेर गेलं नाही. मी कधी पाहुणी म्हणून परीक्षक गेले की मला तो आठवतो, पण माझं तेवढं धाडस होत नाही.

आणि त्याच वर्षी हायडी आणि टिमने अॅमेझॉनवर मेकिंग द कट काढला, बक्षीस थेट 10 लाख डॉलर, जॉनी कोटा जिंकला. सातारच्या शिवणबाई, हे तुम्हीही वाचा, कारण त्यात मागे कारागीर बायका आहेत. डिझायनर रात्री सूचना लिहून ठेवून झोपायला जातात आणि सकाळी कपडा शिवून तयार. सूचना नीट लिहिली नसेल तर सकाळी बाही भलतीकडेच. मला ते बघून इतकं घरच्यासारखं वाटलं. फक्त त्या बायकांचे चेहरे फारसे दाखवत नाहीत, नावं तर नाहीतच.

प्रश्न : मुलीला ड्रेपिंग, म्हणजे डमीवरच कापड टाचून कपड्याला आकार द्यायला, शिकायचंय, टीव्हीवर बघून वेड लागलंय. महागडं कापड कापू देत नाहीये मी. काय देऊ?
बाबा, ठाणे

उत्तर : मांजरपाट द्या, पांढरं, बिनधुतलेलं. मुंबईच्या मंगळदास मार्केटला जा, दुपारी बाराच्या आत, नंतर गर्दीत चेंगराल. पाच मीटर घ्या, दोनने काही होत नाही. घरी आणून रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा आणि मगच कात्री तिच्या हातात द्या, ते कापड आटतं. आणि ती कात्री कागदाला लावू देऊ नका, कोणालाही, तुम्हालासुद्धा.